सात दिवसांत खुलासा करावा

कीबोर्डावरचं सातचं बटण गेलं, तिथून हे सगळं सुरू झालं. दुसरं एखादं बटण गेलं असतं तर कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण घरात गणिताचं पुस्तक लिहिलं जात होतं, आणि सात वगळून गणिताचं पुस्तक लिहिणं काय असतं, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच कळेल. बाईंनी ते आठवडाभर करून पाहिलं. त्या आठवड्यात त्यांच्या उदाहरणांतली माणसं सहा पेन्सिली घेत किंवा आठ घेत. आगगाड्या साडेसहाला सुटत आणि आठनंतर पोचत. सातचा पाढा आला तेव्हा मात्र बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या म्हणाल्या, "आता हे मला जमायचं नाही."

बाई म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना पेपरवाल्यापासून जावयापर्यंत सगळे बाईच म्हणत. हे पुस्तक त्यांनी तीस वर्षं डोक्यात वागवलं होतं आणि गेली दोन वर्षं त्या ते मागच्या खोलीत बसून टाइप करत होत्या. प्रकाशकाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, दोन महिन्यांत हातात पडलं तर यंदा शाळांच्या यादीत जाईल. नाहीतर दुसऱ्या एकांचं तयार आहे." ते दुसरे एक कोण, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते एकेकाळी त्यांच्याच शाळेत होते आणि अपूर्णांक शिकवायची वेळ आली की आजारी पडत.

तर सात गेलेला, आणि त्यात कॉम्प्युटर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक उसासा टाकून बंद पडायचा. बाईंनी हे जेवताना यजमानांच्या कानावर घातलं. इथेच चुकलं.

यजमान पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. खात्यात त्यांना खुलासेसाहेब म्हणत, कारण जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. पाइप फुटला, मागव खुलासा. शिपाई उशिरा आला, मागव खुलासा. चौतीस वर्षांत त्यांनी इतके खुलासे मागवले की ते ठेवायला खात्याला वेगळी खोली द्यावी लागली. पाणी त्या काळात किती आलं, हा वेगळा विषय आहे.

"नवीन घेऊ," साहेब म्हणाले.

"अहो, नवीन कशाला? आधी कुणाला तरी दाखवा तरी."

"दुरुस्तीचा प्रस्ताव आणि खरेदीचा प्रस्ताव एका फायलीत येत नाहीत." साहेबांनी हात धुतले, एक कोरी फाइल काढली, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली : 'निर्णय होईपर्यंत वापरू नये.'

आता निर्णय कसला, तर निळी की पांढरी. कॉम्प्युटर आतून ज्याच्या जोरावर चालतो, त्या ऑपरेटिंग सिस्टीमी बाजारात मोठ्या अशा दोनच होत्या, एकमेकींच्या घराणेदार वैरिणी. एकीच्या जाहिराती निळ्या रंगात यायच्या, दुसरीच्या पांढऱ्या. खरी नावं लांबलचक होती, पण लोक निळी आणि पांढरी असंच म्हणत. एखाद्या घरात दोन सुना असाव्यात आणि गल्लीने त्यांच्या पाठीमागे बोलावं, त्या सुरात.

साहेबांनी जिन्यात सहज विषय काढला. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पायरीवरच थांबले. ते पांढरीचे.

"निळी?" डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. "अहो, निळी म्हणजे किडलेला दात. भरून काही उपयोग नाही, उपटायचाच. मी दवाखान्यात पांढरी घेतली त्या दिवसापासून शांत झोपतो."

एवढ्यात समोरच्या दारातून विमा एजंट बाहेर आले. ते निळीचे. "घ्या, जरूर घ्या पांढरी," ते म्हणाले. "मग तिची वायर त्यांचीच घ्या, पिशवी त्यांचीच घ्या, आणि बिघडली की डोळे पुसायला रुमालही त्यांचाच घ्या. आमच्या ऑफिसात अख्खा मजला निळीवर चालतो."

"चालतो म्हणजे? रांगतो म्हणा."

दोघांचं सव्वा तास चाललं. सुरुवात सिस्टीमवरून झाली आणि गच्चीच्या किल्लीपर्यंत गेली. साहेब मध्ये उभे राहून टिपणं घेत होते. घरी येऊन त्यांनी बाईंना सांगितलं की दोन्ही पक्षांची बाजू ऐकली, आता पुरावा पाहायचा.

पुरावा म्हणजे जाहिराती. चौकात समोरासमोर दोन होर्डिंगं होती. पांढरीच्या होर्डिंगवर निळा रेनकोट घातलेला एक गृहस्थ बाकावर बसला होता, त्याची दाढी छातीपर्यंत आली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'निळी सुरू होते आहे. कृपया थांबा.' समोर निळीच्या होर्डिंगवर एक पांढरीशुभ्र लिफ्ट होती. आत एक बाई रडवेली होऊन बटणं दाबत होती, आणि खाली मजकूर होता, 'पांढरी फक्त स्वतःच्याच मजल्यावर थांबते.' दोन्हीकडची माणसं इतकी तब्येतीने चितारली होती की चौकात येणारा जाणारा मान वर करून हसत असे आणि मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खात असे.

साहेब हसले नाहीत. चौतीस वर्षांत कुठल्याही तक्रारीला ते हसले नव्हते. त्यांच्या दृष्टीने हे दोन लेखी आरोप होते, भर चौकात लावलेले, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. जाहिरातीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापलेले पत्ते त्यांनी भिंग लावून उतरवून घेतले आणि रजिस्टर पोस्टाने दोन पत्रं धाडली.

निळीला पाठवलेलं पत्र असं होतं :

'विषय : आपली सिस्टीम सुरू होईपर्यंत गृहस्थास दाढी येते, या आरोपाबाबत. महोदय, सदर गृहस्थाची दाढी सुमारे दीड वीत दिसते. वाढीचा सर्वसाधारण वेग पाहता हा कालावधी दीड-दोन वर्षांचा होतो. तरी आपण सुरू होण्यास प्रत्यक्षात किती मिनिटे घेता, याचा सात दिवसांत खुलासा करावा. अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही, असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

पांढरीला विचारलं होतं की, आपली लिफ्ट स्वतःच्याच मजल्यावर थांबते असं कळतं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, तरी आमची सोय काय.

पाच दिवसांनी दोन्हीकडून उत्तरं आली. शब्द न् शब्द सारखी. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे.' खाली एक बारा आकडी क्रमांक. एखादा माणूस चिडला असता. साहेब खूश झाले. "जावक क्रमांक दिलाय," त्यांनी बाईंना दाखवलं. "म्हणजे फाइल उघडली गेली."

"आणि माझं पुस्तक?"

"प्रक्रियेत आहे."

बाईंनी कागद-पेन घेतलं आणि त्या सातचा पाढा हाताने लिहायला बसल्या. पण प्रकाशकाला टाइप केलेलंच हवं होतं, आणि दीडशे पानांतली एकशे दहा त्या बंद पडणाऱ्या डब्यात होती.

सात दिवस झाले. पहिलं स्मरणपत्र गेलं. चौदा झाले. दुसरं स्मरणपत्र गेलं, त्यात 'खेदाने' हा शब्द होता. मधल्या काळात होर्डिंगं बदलली. पांढरीने लिहिलं, 'काम करणं म्हणजे वाट पाहणं नव्हे.' निळीने तीन दिवसांत उलटवलं, 'दिसणं म्हणजे काम करणं नव्हे.' साहेब रोज सकाळी फाइल काखेत मारून चौकात जात, नवीन आरोप उतरवून घेत, तिथून पोस्टात जात आणि जेवायला परत येत. त्यांनी एक तुलनात्मक तक्ताही केला. प्रत्येकीचे दोन रकाने, गुण आणि दोष. दोषांचे रकाने काठोकाठ भरले, पुरवण्या जोडाव्या लागल्या. गुणांच्या रकान्यात तीन आठवड्यांच्या अभ्यासानंतर दोन्हीकडे एकच नोंद होती, 'ती दुसरी नाही, हा.' लाखो माणसं पदरमोड करून ज्या वस्तू घेत होती, त्यांच्याबद्दल त्या विकणाऱ्यांना याहून अधिक काही सांगायचं नव्हतं. एवढं स्वच्छ दिसत असताना साहेबांनी फाइल मिटायला हवी होती. पण फाइल मिटवण्याचं त्यांच्या हाताला वळणच नव्हतं.

चौथ्या मुदतीत, कधी नव्हे ते, दारात माणूस आला. पांढरीच्या जाहिरात विभागातल्या मॅडम. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पर्समधून साहेबांचं निळीला लिहिलेलं पत्र काढलं. त्याची एक प्रत साहेबांनी माहितीसाठी पांढरीलाही पाठवली होती. प्रत माहितीसाठी पाठवायची नाही, तर पत्र लिहायचं कशाला?

"सर," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे पंचवीस माणसं फक्त वाक्यं लिहायला बसलीत. एकालाही असं वाक्य लिहिता आलेलं नाही. 'आपणांस काही म्हणावयाचे नाही, असे गृहीत धरून.' काय वजन आहे, सर!"

साहेबांना खोकला आला. चौतीस वर्षांत त्यांच्या मेमोला लोकांनी उत्तरं दिली होती, शिव्या दिल्या होत्या, एकाने तर त्यात भजी बांधून आणली होती. वजन आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर याच एका वाक्याची ते चौतीस वर्षं वाट पाहत होते.

"हे वाक्य आम्ही वापरलं तर चालेल? आणि सोबत तुमचा एक फोटो? इथे फक्त सही."

आता सही म्हणताच तुम्हाला वाटेल की भुलले आणि न वाचता ठोकली. नाही. साहेबांनी चारही पानं वाचली, भिंग लावून वाचली. तिसऱ्या पानावर नऊ नंबरचं कलम दोनदा आलं होतं. साहेबांनी लाल पेनाने दुसऱ्या नऊवर गोल केला, वर 'दहा' लिहिलं, पुढची सगळी कलमं सुधारली, बाजूला सही करून तारीख टाकली, आणि मोठ्या समाधानाने कागद परत दिला. त्या दुसऱ्या नऊमध्ये लिहिलं होतं की सही करणारा प्रतिस्पर्धी कंपनीच्या जाहिरातीत दिसणार नाही.

फोटोवाल्याने सांगितलं, "साहेब, जरा वैतागल्यासारखं बघा." साहेब नेहमीसारखे बघत होते, तेच चाललं.

चार दिवसांनी निळीचे टायवाले गृहस्थ आले. त्यांच्या हातात पांढरीला लिहिलेलं लिफ्टचं पत्र होतं. माहितीसाठी प्रत! त्यांनीही सर म्हटलं, त्यांनीही वजन म्हटलं. एका पक्षाला दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी इथेही कलमांची मांडणी तपासली, दोन ठिकाणी समास नीट करायला सांगितला आणि सही केली.

पुढच्या सोमवारी सकाळी साहेब नेहमीसारखे चौकात गेले आणि फाइल त्यांच्या काखेतून खाली पडली. डाव्या होर्डिंगवर ते स्वतः होते, तीन मजली, चष्म्यावरून बघत. 'आपण सुरू होण्यास किती मिनिटे घेता? सात दिवसांत खुलासा करावा.' खाली बारीक अक्षरात, 'निळीचा खुलासा अजून आलेला नाही.' त्यांनी हरखून मान वळवली, कुणी पाहतंय का बघायला, तर उजव्या होर्डिंगवरून तेच त्यांच्याकडे पाहत होते. 'आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमची सोय काय? सात दिवसांत खुलासा करावा.' दोन खुलासेसाहेब भर रस्त्यावरून एकमेकांना जाब विचारत होते, आणि मधल्या बेटावर तिसरे, पायात चपला घातलेले, खाली पडलेले कागद गोळा करत होते.

अर्धा दिवस त्यांना ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारनंतर मात्र लोकांना मजा कळली. भाजीवाला म्हणाला, "साहेब, सुटे देतो, सात दिवस देऊ नका." बँकेतल्या बाईंनी पासबुक परत देताना विचारलं, "तुम्ही डावीकडचे का उजवीकडचे?" आणि मागच्या रांगेने तो विनोद आपापसात वाटून घेतला. साहेबांचे कान तापले. दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले ते भिंतीकडे बघत वर गेले, कारण उजव्या होर्डिंगमुळे त्यांचा विश्वासघात झाला होता. विमा एजंटांनी डाव्या होर्डिंगमुळे दार लावून घेतलं.

डॉक्टरांची समजूत काढायला साहेबांनी दवाखाना गाठला. तिथे टेबलावर पांढरी दिमाखात बसली होती, आणि तिच्या पाठीला टेकवून ठेवलेल्या जाडजूड डायरीत डॉक्टर पेन्सिलीने रुग्णांच्या वेळा लिहीत होते.

"सुरू नाही?" साहेबांनी विचारलं.

"दिसायला बरी दिसते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडायला सांगितलं.

परत आल्यावर विमा एजंटही आतून बोलले, दार न उघडता. त्यांच्या ऑफिसातला निळीवर चालणारा मजला हिशेबनिसांचा होता. ते स्वतः खालच्या मजल्यावर बसत आणि आकडेमोड बोटांवर करत. म्हणजे दीड महिना जिन्यात जे रणकंदन झालं, त्यातल्या एकाही योद्ध्याने आपलं हत्यार कधी हातात धरलेलं नव्हतं. साहेबांनी हे टिपून घेतलं. सवय.

आणि मग सातव्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोन लखोटे आले. दोन्ही कंपन्यांच्या वकिलांकडून. साहेबांनी उभ्याउभ्याच फोडले. मजकूर एकच, फक्त कलमाचा आकडा निराळा; पांढरीच्या वकिलाने लिहिलं होतं : 'आपण कलम दहाचा (आपल्याच हस्ताक्षरात दुरुस्त) भंग करून प्रतिस्पर्धी कंपनीच्या जाहिरातीत दिसलात. याबाबत सात दिवसांत खुलासा करावा. अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही, असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' वाक्य त्यांचंच होतं. फक्त ते आज पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे चौतीस वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. ज्या शेकडो माणसांना त्यांनी हे वाक्य पाठवलं, त्यांचे चेहरेही असेच उतरले असतील, असं एक क्षणभर मनात येऊन गेलं. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली. मागच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती.

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावरची चिठ्ठी नव्हती. कीबोर्ड नवा कोरा होता.

"हे कधी झालं?"

"तुमचं दुसरं स्मरणपत्र गेलं त्या दिवशी. कोपऱ्यावर प्रती काढून देतात ना, त्या ताईंना बोलावलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, पंख्यातून मूठभर धूळ काढली, कीबोर्ड बदलला आणि सात मिनिटांत गेल्या. आता दिवसभर चालतो. तुमची चिठ्ठी मी तुमच्या फायलींच्या कपाटाला लावलीये."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. चिठ्ठी खरंच तिथे होती. महिनाभर रोज ते कपाट त्यांनी उघडलं होतं, आणि स्वतःच्या अक्षरातला हुकूम दिसल्यावर तो योग्य ठिकाणीच असणार, असं धरून चालले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, लेखी द्या." बाईंनी शेवटचं बटण दाबलं. "झालं. प्रकाशकाला गेलं. मुदतीच्या अकरा दिवस आधी."

"आणि यात सिस्टीम कुठली आहे? निळी का पांढरी?"

बाईंनी पडद्याकडे असं पाहिलं की जणू तो प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "बघितलं नाही हो. आकडे उमटत होते, मी लिहीत होते."

साहेब खुर्चीत बसले. बाईंनी शेवटच्या पानांचा छापील गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला आणि चहा टाकायला गेल्या. पुस्तकात सात परतला होता, आणि काय डौलात परतला होता! सात विहिरी, सात भाऊ, सत्तर पोती, सातशे सत्याहत्तर विटा. शेवटच्या प्रकरणात उदाहरण सत्याहत्तर होतं :

'एका घरातील कॉम्प्युटरच्या दुरुस्तीस ७ मिनिटे लागतात. घरातील गृहस्थांनी दुरुस्ती न करता ७ दिवसांची मुदत एकापाठोपाठ एक अशी ७ वेळा दिली. तर दुरुस्तीच्या किती पट वेळ गेला?'

"हे गृहस्थ..." साहेबांनी स्वयंपाकघराच्या दिशेने सुरुवात केली.

"मुलांना जिवंत उदाहरण लागतं," आतून आवाज आला. "नाहीतर लक्ष देत नाहीत."

साहेबांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्यांनी एका वकिलाचा लखोटा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने एकोणपन्नास दिवसांची मिनिटं मांडली. सत्तर हजार पाचशे साठ. भागिले सात. उत्तर दहा हजार ऐंशी आलं. त्यांनी शेवटचं पान उघडून ताडून पाहिलं. बरोबर होतं. बाईंचं गणित कधी चुकत नसे.

मग त्यांनी दोन कोरे कागद घेतले आणि दोन्ही वकिलांना खुलासा लिहिला. आयुष्यातला पहिला आणि सर्वांत लहान. 'महोदय, उदाहरण ७७ सोबत जोडले आहे. गृहस्थ मीच. उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिले आहे.' खाली सही केली, आणि माहितीसाठी एक प्रत स्वयंपाकघरात नेऊन दिली.